आजारी कुत्रं घरी ठेवून हिमालयात ट्रेकला जायचंय? मग अशी तयारी करा

आमचा बंड्या साडेअकरा वर्षांचा, गावठी, एक कान उभा एक पडलेला, आणि गेली दोन वर्षं त्याच्या किडन्या कुरकुर करतायत. मी रत्नागिरीजवळ राहते, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटं, आणि अशा माणसाला उत्तराखंडातला केदारकांठा करायचं खूळ लागलं. पहिल्या वर्षी सगळं बुकिंग करून निघायच्या चार दिवस आधी रद्द केलं कारण ह्याने खाणं सोडलं (ट्रेकवाल्यांनी अर्धे पैसेपण परत दिले नाहीत, तो राग वेगळा). दुसऱ्या वर्षी गेले, वर पोचले, परत आले, बंड्या पण आहे. दोन वर्षांत त्याच्या तब्येतीत फार फरक नव्हता, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा) जवळपास तेवढंच होतं. फरक तयारीत होता, आणि ती नेमकी काय केली ते सांगते, ज्याला उपयोग होईल त्याला होवो. मांजर असेल तरी बरंचसं लागू पडेल.

आधी एक हिशोब करा, कागदावर

पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात होतं की काही झालंच तर मी लगेच परत येईन. हे "लगेच" म्हणजे किती ते मी कधी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी मोजलं. केदारकांठ्याचा शेवटचा कॅम्प साधारण ११,००० फुटांच्या वर, तिथून सांक्रीला, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो त्या गावाला, उतरायचं, मग सांक्री ते डेहराडून जवळजवळ २०० किलोमीटर पण घाटरस्ता त्यामुळे आठ-दहा तास जातात, मग डेहराडूनहून मुंबईचं विमान मिळालं तर मिळालं, आणि मुंबईहून रात्रीची गाडी पकडून रत्नागिरी. सगळं जुळून आलं तरी तिसरा दिवस उजाडतो. किडनीच्या कुत्र्याला तीन दिवस म्हणजे फार झाले.

म्हणजे मी परत येणं हा उपायच नाही. जो मागे राहणार त्याच्याच हातात औषध, पैसे आणि निर्णय सगळं द्यायला हवं. हे एकदा पटलं की पुढची सगळी तयारी आपोआप त्या दिशेने होते, आणि नाही पटलं तर सरळ जवळचा ट्रेक करा, त्यात कमीपणा काही नाही. खेडकडचे रसाळगड-सुमारगड-महिपतगड दोन-तीन दिवसांत होतात, दमवतात पण चांगले, आणि फोन आला तर त्याच दिवशी घरी पोचता येतं. माझा नियम असा की जनावर आजारी आहे पण स्थिर आहे, म्हणजे दोन महिने वजन टिकून आहे, खाणं ठीक, रिपोर्ट फार हललेले नाहीत, तर लांबचा ट्रेक चालेल. दर आठवड्याला काहीतरी नवीन निघतंय, औषधं बदलतायत, तर सह्याद्रीच बरा, हिमालय कुठे पळून जात नाही.

तारखा ठरवा, मूड बघून ठरवू नका

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. मंगला एक्स्प्रेस रत्नागिरीला थांबते आणि थेट दिल्लीच्या निजामुद्दीनला सोडते, त्यामुळे मी तिचं तिकीट काढायचा दिवस हाच पहिला निर्णयाचा दिवस ठरवला. त्याच्या आधीच्या आठवड्यात बंड्याचं रक्त, लघवी, बीपी तपासून घेतलं आणि डॉक्टरांना सरळ विचारलं, पुढच्या दोन महिन्यांत हा बिघडायची शक्यता कितपत वाटते? डॉक्टर हो-नाही असं कधीच सांगत नाहीत, पण "मला तरी वाटतं हरकत नाही" आणि "बघू या" ह्यातला फरक कळतो.

दुसरी तारीख निघायच्या तीस दिवस आधी, परत रक्त. तिसरी सात दिवस आधी, फक्त वजन आणि तपासणी. ट्रेकवाल्यांचे रद्द करायचे नियम बुकिंगच्या आधी वाचा, किती दिवस आधी किती पैसे परत आणि तारीख पुढे ढकलता येते का ते, आणि आपल्या तारखा त्यांच्या तारखांच्या एक दिवस अलीकडे ठेवा. मी पहिल्या वर्षी हे वाचलंच नव्हतं.

आणि ह्या तीन तारखांच्या मधल्या दिवसांत "जाऊ की नको" हा विषय बंद. हे अवघड आहे मला माहितीय, रात्री दोनला तो पाणी प्यायला उठला की माझं सुरू व्हायचं. पण रोज निर्णय घेतला तर ना धड ट्रेनिंग होतं ना धड कुत्र्याकडे लक्ष राहतं.

मागे कोण राहणार

किडनीचं कुत्रं बोर्डिंगला ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जागा बदलली की ही मंडळी खाणं सोडतात, आणि खाणं सोडणं हेच तर आपल्याला नकोय. आपलंच घर, आपलीच पडवी, आणि येणारं माणूस ओळखीचं. आमच्याकडे आई आहे पण तिचे गुडघे, त्यामुळे शेजारच्या काकी. काकी म्हणाल्या, "तू जा गो, मी बघत्ये." आता काकींचं प्रेम म्हणजे बांगड्याचं डोकं. वर्षानुवर्षं बंड्याला दुपारी भात आणि माशाचं डोकं काकींकडून मिळायचं, आणि किडनीच्या आजारात नेमका हाडातला फॉस्फरस त्रास देतो, सुकट-खाऱ्यातलं मीठही नको. हे त्यांना समजावण्यात माझा एक महिना गेला. शेवटी डॉक्टरांकडेच घेऊन गेले त्यांना, डॉक्टर बोलल्यावर पटलं. म्हणजे वरवर पटलं.

हा सल्ला मात्र मनापासून देते, सांभाळणाऱ्याला एकदा दवाखान्यात सोबत न्याच. डॉक्टरांना चेहरा माहीत होतो, फोन केला तर ओळख सांगत बसावं लागत नाही.

मग शिकवणी. गोळी कशी द्यायची, फॉस्फरस धरून ठेवणारी पावडर जेवणातच का मिसळायची (वेगळी दिली तर उपयोग नाही), कातडीखाली सलाईन द्यायचं असेल तर मानेमागची कातडी कशी उचलायची. हे सांगून येत नाही, तुमच्यासमोर तीन-चार वेळा त्यांच्या हातून झालं पाहिजे. काकींचा हात पहिल्यांदा थरथरला, तिसऱ्यांदा त्या मलाच म्हणाल्या, तू बाजूला हो.

फ्रिजवरचा कागद

हा कागद डॉक्टरांसमोर बसून लिहा, कारण प्रत्येक जनावराचे आकडे वेगळे. आमच्या कागदावर काय होतं ते सांगते म्हणजे अंदाज येईल.

रोज बघायचं: खाल्लं का, प्यायला का, मुतला का, शेपूट हलवली का. चारच गोष्टी, वहीत चार शब्द.

दर तीन दिवसांनी वजन. कुत्रं काट्यावर उभं राहत नाही, म्हणून त्याला उचलून आपण उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

त्याच दिवशी फोन करायचा: एका दिवसात दोनपेक्षा जास्त उलट्या, सलग दोन जेवणं नाकारली, हिरड्या पांढुरक्या दिसतायत, ताप १०३ च्या वर (कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणून घाबरायचं नाही, थर्मामीटर लावायचा, आणि हो, मागूनच).

फोन न करता सरळ गाडीत घालून न्यायचं: झटके, उभं राहता न येणं, अर्धा दिवस लघवीच नाही, शांत झोपलेला असताना जोरजोरात धाप. झोपेत श्वास मोजायला शिकवा, छाती वर-खाली मिळून एक, मिनिटाला तीसच्या आत हवेत.

आणि खाली लाल पेनने: माणसांची गोळी द्यायची नाही. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन वगैरे कुत्र्याच्या किडनीचं वाटोळं करतात, मांजराला तर पॅरासिटामॉलसुद्धा जीवघेणं. शहाळ्याचं पाणी पण मनाने नको, त्यात पोटॅशियम भरपूर. कोकणात कोणी आजारी पडलं की पहिलं शहाळं फोडतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

कागदावर फोन नंबर क्रमाने. नेहमीचे डॉक्टर, ते नसतील तर दुसरे, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२. ही सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी नंबर असू दे. आणि रिक्षावाला! आमच्याकडे रात्री कुत्रं घ्यायला कोण तयार होईल हा खरा प्रश्न, तो आधीच ठरवून, थोडे पैसे हातावर ठेवून आले होते.

शेवटच्या दोन आठवड्यांत खाण्यात किंवा औषधात नवीन काही सुरू करू नका. गोचिडांचं औषध लावायचं तर निघायच्या किमान आठवडाभर आधी लावा, काही रिअॅक्शन आलीच तर तुम्ही घरी असाल.

जे बोलायला नको वाटतं ते

हा भाग मी पहिल्या वर्षी टाळला होता, आणि मला वाटतं खरं म्हणजे त्यामुळेच ट्रेक रद्द झाला.

एक पत्र लिहा, साधं, मराठीत, सही करून. मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बाहेर आहे, माझ्या वतीने उपचाराचा निर्णय ह्या घेतील, खर्च इतक्यापर्यंत न विचारता करा. त्यातले निम्मे पैसे आधीच त्यांच्याकडे देऊन ठेवा, कारण "तू आल्यावर देशील" म्हणणारं माणूस इंजेक्शन महाग निघालं तर दहा वेळा विचार करतं.

त्याच पत्रात शेवटचं वाक्य. डॉक्टर म्हणाले की आता ह्याला फक्त त्रास होतोय, तर माझी वाट बघू नका. हे वाक्य लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या, काकींना वाचून दाखवताना तर आवाजच फुटेना. काकी ऐकून म्हणाल्या, "बरं. आणि ठेवायचा कुठे?" मी म्हटलं परसात, फणसाखाली. बस, एवढंच बोलणं झालं, चहा प्यायलो. पण त्या दिवसानंतर माझी रात्रीची दोनची उलघाल बरीच कमी झाली, हे खरं.

आणि एक ठरवा, तसं काही झालं तर तुम्हाला वर असताना कळवायचं की खाली आल्यावर? मी सांगितलं, सांक्रीला परत आल्यावर. वर कॅम्पवर कळून मी करणार काय, रडत बर्फातून उतरणार आणि पाय मोडून घेणार. तुमचं उत्तर वेगळं असेल, पण ठरलेलं असू दे, नाहीतर फोन हातात घेऊन सांभाळणारं माणूस बिचारं अडकतं.

आता पाय आणि फुफ्फुसं

आपण राहतो समुद्रसपाटीला आणि जायचंय १२,५०० फुटांवर, तिथे हवेचा दाब इथल्या दोन तृतीयांशाहून थोडा कमीच. इथे कितीही पळालं तरी उंचीची सवय इथे होत नाही, ती तिथेच हळूहळू होते. इथे फक्त दम आणि पाय तयार करता येतात. बहुतेक ट्रेकवाले ५ किलोमीटर पस्तीस-चाळीस मिनिटांत मागतात. मी दहा आठवडे घेतले.

किडनीच्या कुत्र्याला पहाटे लघवीला न्यावंच लागतं, त्यामुळे पाचचा अलार्म फुकट. आधी त्याच्यासोबत त्याच्या चालीने पंधरा मिनिटं, प्रत्येक माडाला वास घेत, मग त्याला घरी सोडून माझं पळणं. क्रम उलटा केला तर मी घाईत असते आणि त्याला ते कळतं.

भाट्याची पुळण ही आपली जिम. ओल्या घट्ट वाळूवर पळायचं, सुक्या भुसभुशीत वाळूत फक्त दहा-पंधरा मिनिटं चालायचं, पोटऱ्या पेटतात. किनाऱ्याचा उतार असतो म्हणून जाताना आणि येताना एकाच ओळीतून या, म्हणजे दोन्ही पायांना सारखा भार. ओहोटी कधी ते बघायला तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची अंदाजे वेळ, त्यात सहा तास इकडे-तिकडे म्हणजे ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे सहाला मस्त घट्ट वाळू मिळते, अष्टमीला सकाळी सहाला जाल तर भरतीत पाय भिजवून याल.

आठवड्यातून दोनदा चढ. मी रत्नदुर्गाकडे जायचे, पाठीवर पिशवी आणि पिशवीत पाण्याच्या बाटल्या, पहिल्या आठवड्यात दोन लिटर मग वाढवत सहा-सात. पाणीच का, तर वर पोचल्यावर ओतून टाकता येतं आणि उतरताना गुडघे वाचतात. शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र वजनासकट उतरा कारण ट्रेकवर पाणी ओतून चालणार नाही. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असेल तर तिकडे जाऊच नका, ऑक्टोबरपर्यंत घसरतं. आणि ऑक्टोबरचं ऊन! आठच्या आत घरी, नाहीतर मीठ-साखर-पाणी घेऊन बसावं लागतं.

रंगीत तालीम

निघायच्या साधारण महिनाभर आधी एक रात्र बाहेर काढा. मी रसाळगडला गेले, झोलाईदेवीच्या देवळात मुक्काम, पाठीवर पूर्ण सामान, तेच बूट, तेच मोजे. गड चढायला सोपा आहे, पण ह्या तालमीत खरी परीक्षा काकींची होती. मी फोन मुद्दाम बंद ठेवला. काकींनी एकट्याने दोन वेळची औषधं दिली, वही लिहिली, आणि संध्याकाळची पावडर विसरल्या. बरं झालं विसरल्या, आल्यावर आम्ही सकाळ-संध्याकाळच्या डब्या वेगळ्या केल्या, एकेका दिवसाची पुडी बांधून तारीख घातली.

मी पण त्या रात्री शिकले, पहिले तीन तास जीव खालीवर आणि मग झोप लागते.

सामानाचं थोडक्यात

कोकणात थंडीचे कपडे कोणाकडे असतात? जाडं जॅकेट भाड्याने घ्या, एका ट्रेकसाठी विकत घेऊन पुढच्या पावसात त्याला बुरशी चढवू नका. थर्मल, फ्लीस आणि वरून जॅकेट असे थर हवेत, रात्री शून्याच्या बऱ्याच खाली जातं. बर्फात डोळे भाजतात म्हणून चांगला गॉगल.

बूट मात्र स्वतःचेच, आणि किमान सहा आठवडे वापरलेले. जुने असतील तर पावसाळ्यानंतर तळवा दोन्ही हातांनी वाकवून ओढून बघा. आपल्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या बुटांचा तळवा आतून कुजतो आणि नेमका डोंगरात जबडा उघडतो. पॉवर बँक आणि फोन रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, थंडीत बॅटरी पटकन उतरते.

वर गेल्यावर

सांक्रीत पोचल्यावर शेवटचा सविस्तर फोन करा आणि सांगून टाका की आता चार दिवस माझ्याकडून काही येणार नाही, नेटवर्कचा भरवसा नाही. ट्रेकवाल्यांच्या ऑफिसचा नंबर घरी दिलेला असू दे. आणि ट्रेक लीडरला पहिल्याच दिवशी सांगा, घरी कुत्रं आजारी आहे. मला आधी लाज वाटली, लोक काय म्हणतील कुत्र्यासाठी, पण त्या मुलाने शांतपणे ऐकलं आणि रोज विचारायचा.

एक गोष्ट मात्र खरंच गंभीरपणे घ्या. उंचीवर डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही उंचीच्या आजाराची लक्षणं असतात, आणि काळजीने पण नेमकं हेच होतं. मला दुसऱ्या रात्री डोकं धरलं, मी म्हटलं बंड्याच्या विचाराने असेल, सकाळी बोलू. तसं करू नका. उंचीवर डोकं दुखलं की आधी उंची असंच धरायचं, लीडरला उठवून सांगायचं, वाढत असेल तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. धाप बसल्याबसल्या लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर सकाळचीसुद्धा वाट बघायची नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का ते निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. मी शेवटी सांगितलं, माझं ऑक्सिजन बघितलं, ठीक होतं, पाणी प्यायले भरपूर, सकाळी दुखणं उतरलं. पण सांगितलं म्हणून बघितलं ना.

माथ्यावर जायला पहाटे तीनच्या सुमारास निघतात, अंधार, टॉर्चचा गोल आणि समोरच्याचे बूट. तेव्हा कसलाच विचार येत नाही, खोटं कशाला बोलू, बंड्याचा पण नाही आला.

परत आल्यावर

घरी आलात की पहिल्या दोन दिवसांत वजन आणि आठवड्याच्या आत रक्त. कुत्रं आनंदात दोन दिवस जास्त खातं, त्यावरून सगळं छान आहे असं समजू नका. आणि वही घेऊन बसा, ज्याने लिहिली त्याच्यासोबत, कारण काही गोष्टी वहीत नसतात.

आमच्या वहीत रोज चार शब्द होते, खाल्लं, प्यायला, मुतला, हलवली. सातव्या दिवशी फक्त काकींनी खाली बारीक अक्षरात जास्तीचं लिहिलेलं, "बांगड्याचं डोकं मागत होता. दिलं. अर्धंच."